स्वतःचं प्रूफ

या महिन्यात पत्रं जरा जास्तच आली. मागच्या अंकात माझ्याकडून एक चूक झाली, म्हणून. चूक दिसली की वाचक जागे होतात. ती चूक पुढे येईलच.

सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९६४ साली, वयाच्या १५व्या वर्षी, मी पुण्यात बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला लागलो. पुढे कॉम्प्युटर आला, खिळे किलोवर भंगारात गेले आणि मी प्रुफं, म्हणजे चुका शोधायला आधी काढलेल्या कच्च्या प्रती, वाचायला बसलो. आता डोळे थकले, तेव्हा संपादकांनी हे सदर माझ्या गळ्यात घातलं. तत्त्वज्ञान हा काही माझा विषय नव्हे. पण पत्रं सगळी तसलीच येतात.

प्रश्न : साहेब, मी ३४ वर्षं एसटीत वाहक होतो. मागच्या जूनमध्ये निवृत्त झालो. आमच्या मार्गावरच्या २२ गावांत मला ‘मास्तर’ म्हणत. शाळेची पोरं, बाजाराच्या बाया, कोण कुठं चढणार, कुठं उतरणार, सगळं तोंडपाठ. आता घरी असतो. घरचे म्हणतात, तुम्ही गप्प गप्प असता. परवा त्याच गाडीनं तालुक्याला निघालो. नव्या वाहकानं विचारलं, ‘कुठं जायचं बाबा?’ मला उत्तरच सुचेना. तेव्हापासून डोक्यात घोळतंय : बॅग आणि बिल्ला काढून ठेवला, तर आत माणूस होता का नुसता मास्तरच होता?
— एक निवृत्त वाहक, बीड जिल्हा

मास्तर, ‘साहेब’ खोडलंय. मला छापखान्यात कोणी कधी साहेब म्हटलं नाही, आता सवय लावून घेत नाही.

आमच्याकडे नव्या पोराला पहिलं वर्षभर जुळणीला बसवत नसत. त्याला सोडायचं काम असे. म्हणजे काय, तर छपाई झाली की शाईनं माखलेलं मॅटर, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांच्या ओळी, रॉकेलनं धुवायचं, दोन-चार ओळी डाव्या हातात घ्यायच्या आणि उजव्या हातानं एकेक खिळा ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचा. ‘क’ ‘क’च्या घरात, वेलांटी वेलांटीच्या घरात. देवनागरीच्या केसी, म्हणजे खिळे ठेवायच्या घराघरांच्या पेट्या, काही इंग्रजीसारख्या आटोपशीर नव्हेत. जोडाक्षरांची घरं वेगळी, मात्रा वेगळ्या, रफार वेगळा. केस समोर, बाजूला, वर. हात पुरेपर्यंत घरंच घरं. एक खिळा चुकून शेजारच्या घरात पडला, की तो महिन्याभरानं कोणाच्या तरी लेखात उगवणार. मला ते काम अजिबात आवडत नसे. ज्या ओळी काल लोकांनी वाचल्या, त्या आज मी मोडत बसायचो. एकदा सकाळी एका मोठ्या माणसाच्या मृत्युलेखाचं मॅटर सोडलं आणि दुपारी त्याच खिळ्यांतून लग्नपत्रिका जुळली.

तर तुमचं सध्या मॅटर सोडणं चाललंय. ३४ वर्षांचं आहे, एवढ्या लवकर कसं हातावेगळं होईल? उपमा इथंच थांबवतो. माणूस म्हणजे काही खिळ्यांची पेटी नव्हे, हे मलाही कळतं.

तुमचा खरा प्रश्न दुसरा आहे. आत कोण होतं? हे तुम्हाला एकट्याला बसल्या जागी कळणार नाही. चांगल्या छापखान्यात प्रूफ वाचायला दोघं बसत. एक जण मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविरामासकट. दुसरा प्रुफावर नजर ठेवायचा. एकट्यानं वाचलं की डोळा कागदावर जे आहे ते वाचत नाही, असायला हवं ते वाचतो. माझ्यासमोर ११ वर्षं एकच गृहस्थ कॉपी, म्हणजे ते मूळ हस्तलिखित, वाचत होते. निवृत्त झाल्यावर एकदा चहाला आले आणि सहज बोलून गेले, ‘चूक सापडली की तू हसायचास. लेखक मोठा असला की जास्तच.’ मी स्वतःला सालस समजत होतो. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी आठवायला बसलो, तर एकेक प्रसंग असा रांगेत येऊन उभा राहिला की विचारू नका.

तुमच्यासमोर कॉपी कोणी वाचली? घरच्यांनी नाही. ते गाडीत नव्हते. तुमचे चालक होते. ज्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त ड्यूट्या केल्यात त्यांना गाठा. ‘मी कसा माणूस होतो?’ असं विचारू नका, ते लाजतील आणि ‘लई भारी’ म्हणून मोकळे होतील. बारीकसारीक विचारा. मुक्कामाच्या गाडीला रात्री जेवण झाल्यावर मी काय करायचो? सुट्ट्या पैशांवरून मी कोणाशी भांडलो? घाटात गाडी बंद पडली तेव्हा पहिला शब्द कोणाच्या तोंडून काय निघाला? वही न्या, त्यांच्यादेखत लिहू नका, घरी येऊन लिहा. त्यांना जे आठवेल त्यात बॅगेचा आणि बिल्ल्याचा किती भाग आहे ते बघा. आणि विनातिकीट कोणाला बसवलं असेल, तर ते मला मात्र कळवू नका. महामंडळाची माणसंही हे मासिक वाचतात.

प्रश्न : तुम्ही आयुष्यात समाधानी आहात का? एका वाक्यात सांगा.
— बी. ए. द्वितीय वर्ष, लातूर

सकाळचा पेपर हातात पडेपर्यंत असतो.

प्रश्न : आजोबा, मी ब्लाउज शिवते. कटोरी ब्लाउजचं कटिंग कसं करायचं याचा ४० सेकंदांचा व्हिडिओ टाकला होता. तो ११ लाख वेळा बघितला गेला. पंधरा दिवस फोन थांबत नव्हता. एका कार्यक्रमात बोलावून शाल दिली. त्यानंतर मी ३० व्हिडिओ टाकले, ते कोणी बघितले नाहीत. आता कापड पुढं घेतलं की आधी मोबाईल कुठं ठेवायचा तेच डोक्यात येतं. दिवाळीची गिऱ्हाइकं परत गेली. आई म्हणते, डोक्यात हवा गेली. हवा गेली हे खरं, आता निघून गेली हेही खरं. पण या सगळ्यात मी कुठाय?
— वय २६, कराड

तुझं शेवटचं वाक्य मी संपादकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, सदर हिलाच देऊ या.

तुला मुंबईच्या एका मुलाची गोष्ट सांगतो. जावजी दादाजी. जन्म १८३९चा, घरची गरिबी. वयाच्या दहाव्या वर्षी हा पोरगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागला. तिथं टॉमस ग्रॅहॅम नावाचे गृहस्थ देवनागरी अक्षरं पाडायचे. घासता घासता पोरानं सगळं बघून ठेवलं. १८६४ साली स्वतःचा खिळे ओतायचा कारखाना काढला आणि १८६९ साली छापखाना. तो निर्णयसागर. हे नाव तुझ्या आजीला नक्की ठाऊक असेल, निदान पंचांगामुळं. निर्णयसागरचे संस्कृत ग्रंथ देशातच काय, परदेशातल्या पंडितांच्या टेबलावरही असत, आणि त्या टायपाच्या देखणेपणाला आमच्या धंद्यात आजही तोड मानत नाहीत.

पण ती अक्षरं कोरली कोणी? जावजींचे मित्र होते, राणोजी रावजी आरू. पोलादाच्या बोटभर कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. कानशीनं, कोरणीनं, केसाएवढं केसाएवढं. मग ती कांडी कडक करून तांब्याच्या तुकड्यात ठोकायची, तो झाला साचा. साच्यात शिशाचा रस ओतला की खिळा. एक वेलांटी जाड झाली तर ती प्रत्येक पानावर जाड उमटणार. तुझ्या ११ लाखांच्या किती पट लोकांनी आरूंचं अक्षर वाचलं असेल, मोजदाद नाही. आणि त्यांचं नाव तू आज पहिल्यांदा ऐकलंस.

आता तुला वाटेल, म्हातारा सांगणार, ‘म्हणून पोरी, नाव नको, काम कर.’ नाही सांगणार. आरूंना नाव हवं होतं की नव्हतं हे मला काय ठाऊक? आणि कारागिराला नाव नसतं यात कौतुक करण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. असायला हवं होतं. नाव हवंसं वाटणं हा गुन्हा नाही. मलाही वाटलं होतं.

ती हकिकत अशी. १९७१ सालचा एक दिवाळी अंक आमच्याकडे छापायला होता. संपादक दिलदार, म्हणाले, शेवटच्या पानावर छापखान्यातल्या सगळ्यांची नावं घालू. माझ्या नावाची ओळ मीच जुळवायला घेतली. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, खिळे उलटे. सात-आठ खिळ्यांचं काम, एरवी मिनिटभराचं. मी अर्धा तास लावला. नाव आणि आडनावाच्या मध्ये पातळ स्पेस घालून पाहिली, जाड घालून पाहिली. वरच्या नावापेक्षा माझं जरा डावीकडे सरकल्यासारखं वाटलं, म्हणून पुन्हा सोडून जुळवलं. प्रूफ काढलं, हातभर लांब धरून पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं. अंक बाजारात आला. माझ्या नावात ‘ब’ आहे. छापला गेला होता ‘व’. पोटातली एक तिरकी रेघ, तेवढीच नाही. कोणा पोरानं सोडताना ‘व’चा खिळा ‘ब’च्या घरात टाकला असणार, असं मी वर्षभर सांगत होतो. पण प्रूफ वाचणारा मीच होतो ना? मी ओळ कशी दिसते ते पाहत होतो. अक्षर वाचलंच नव्हतं.

आमच्या घरी तो अंक अजून आहे. आईनं कोणाला तरी दाखवायला म्हणून त्या ‘व’च्या पोटात पेनानं रेघ मारून घेतली होती. ती रेघही जरा बाहेर गेली आहे.

तर तू मोबाईलची जागा बघत कापड कापतेस आणि मी स्पेस बघत नाव जुळवत होतो. तू कुठायस विचारलंस म्हणून सांगतो, बहुधा कापडापासून हातभर लांब.

आता कामाचं. दुपारी दोनपर्यंत मोबाईल आईच्या ताब्यात दे. तिचं ‘हवा गेली’ त्यानं थोडं कमी होईल. परत गेलेल्या गिऱ्हाइकांपैकी चौघींकडं स्वतः जा, फोन करू नकोस, आणि ‘माझं चुकलं’ एवढं म्हण. कारणं सांगत बसू नकोस. व्हिडिओ करणं सोडू नकोस. पण ३० जे केलेस ते पहिल्यासारखा चालावा म्हणून केलेस, हे न बघताही सांगतो. तुला स्वतःला शिकताना जे अडलं होतं ते दाखव. माझ्या सौभाग्यवतींची मागणी आहे : मुंढ्याला झोल का येतो आणि काढायचा कसा. ४० वर्षं त्यांच्या ब्लाउजला झोल येतोय आणि प्रत्येक शिंपी सांगतो, कापडाचा दोष.

अकोल्याहून एका ताईंचं आठ पानी पत्र आलं आहे. ते इथं छापण्यासारखं नाही आणि त्यांनाही तसं नको असणार. उत्तर टपालानं पाठवलंय. ताई, हस्ताक्षर लागलं नाही तर कोणाकडून तरी वाचून घ्या असं म्हणणार होतो. पण तसं करू नका, मला परत लिहा, मी सुवाच्य लिहून पाठवीन.

प्रश्न : मागच्या अंकात आपण ‘दर्पण’ १८३१ साली निघाले असे लिहिले आहे. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला. मुद्रितशोधकाच्या सदरात ही चूक शोभत नाही. आपण आपले लिखाण तपासत नाही काय?
— निवृत्त शिक्षिका, वडोदरा

बाई, शोभत नाहीच. तारीख तुमची बरोबर आहे. त्याच दिवशी आपल्याकडे पत्रकार दिन असतो, म्हणजे चुकायला निमित्तसुद्धा नव्हतं.

१८३१ कुठून आलं ते सांगतो. सबब म्हणून नाही, तुम्ही शिक्षिका आहात, चुकीचं मूळ कळलेलं तुम्हाला आवडेल. त्या साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी पहिलं मराठी पंचांग छापलं. शिळाछापावर, म्हणजे दगडावरून. छापलेलं पंचांग विटाळाचं म्हणून नाकं मुरडणारे होतेच, तरी पंचांग चाललं. आमच्या छापखान्यात दसऱ्याला यंत्राची पूजा झाली की फोरमन ही गोष्ट हटकून सांगायचे. त्यामुळं १८३१ हे साल माझ्या डोक्यात घरच्या माणसासारखं वावरतं, कुठंही जाऊन बसतं. लेख मी तीनदा तपासला. ‘जांभेकर’चा अनुस्वार तपासला, अवतरणचिन्हं तपासली. सालाकडं पाहिलंसुद्धा नाही, कारण शंकाच आली नाही.

ही चूक एकूण आठ जणांनी कळवली. सदर सुरू होऊन दोन वर्षं झाली, माझ्या कुठल्याही उत्तराला आठ पत्रं आलेली नाहीत. कराडच्या मुलीनं याची नोंद घ्यावी.

प्रश्न : काका, माझे वडील सोलापुरात ३८ वर्षं बोर्ड रंगवायचे. दुकानं, ट्रकच्या मागच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती. फ्लेक्स आले आणि काम संपलं. मी बंगळुरूला नोकरी करतो, दरमहा पैसे पाठवतो, त्यांना काही कमी नाही. तरी ते रोज सकाळी अंगणात बसून पत्र्याच्या तुकड्यांवर अक्षरं काढतात आणि संध्याकाळी टर्पेंटाइननं पुसून टाकतात. आई वैतागते. आता याची गरज नाही हे त्यांना दुखावल्याशिवाय कसं समजवावं?
— वय ३३, बंगळुरू

वर ज्या फोरमनचा उल्लेख केला त्यांच्याबद्दलच सांगतो. अनुस्वार हा त्यांचा प्राण. जुन्या मराठीत ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’, ‘दांत’ अशा शब्दांवर अनुस्वार देत. बोलताना तो ऐकू येत नाही, पण लिहायचा. ‘तीं फुलें’ या दोन शब्दांवर दोन. कुठला अनुस्वार कुठून आला याची वंशावळ त्यांच्या जिभेवर होती. ‘पांच’वर का, तर मूळ ‘पंच’. ‘नांव’वर का, तर मूळ ‘नाम’. नामवंत लेखकांची हस्तलिखितं यायची आणि हे सातवी शिकलेले गृहस्थ त्यांचे अनुस्वार दुरुस्त करायचे. पेठेत मान होता त्यांना. लेखक मंडळी जिना चढून विचारायला येत.

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि हे सगळे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. एका कागदानं. मी दोन वर्षांनी नोकरीला लागलो तेव्हा त्यांची विद्या अशी रद्द होऊन पडलेली होती. नियम बरोबर होता, हे माझं आजही मत आहे. शाळेतल्या पोरांचे हाल वाचले. पण मी त्यांना प्रूफ वाचताना पाहिलंय. ‘नाव’ शब्द आला की पेन्सिलचं टोक ‘ना’वर जाऊन थांबायचं. अगदी बारीक ठिपका द्यायचे. मग खोडरबरानं तो पुसायचे, भुगा फुंकरायचे आणि पुढच्या शब्दावर जायचे. पानभर असं चालायचं. आम्ही पोरं हसायचो. मी त्यात होतोच, ते तुम्ही वर वाचलंत.

एकदा धीर करून विचारलं, पुसायचाच तर देता कशाला? ते म्हणाले, ‘तो तिथं आहे, मला दिसतो. फक्त छापायचा नाही.’

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही लिहून गेलात आणि तुमच्याच लक्षात आली नाही. वडील संध्याकाळी अक्षरं स्वतः पुसतात. भिंतीवर टांगत नाहीत, शेजाऱ्यांना दाखवत नाहीत. म्हणजे गरज उरलेली नाही हे त्यांना तुमच्याआधी कळलंय, रोज कळतंय. समजवायला काही शिल्लक नाही. आईंचा वैताग रंगाच्या खर्चाचा असेल तर रंगाचे पैसे वेगळे पाठवा आणि ते त्यांच्याच हातात द्या. वासाचा असेल तर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला एक पत्रा टाकून सावली करून द्या. दोन्हीचा नसून ‘हे माझ्याशी बोलत नाहीत’ याचा असेल, तर त्याला माझ्याकडं उपाय नाही. आमच्याही घरी तेच आहे.

पुढच्या खेपेला सोलापूरला जाल तेव्हा दुपारी पोहोचा. पुसायच्या आत.

आणि माझं एक काम करा. ‘श’ दोन तऱ्हांचा असतो, एक शेंडीफोड्या, एक गाठीचा. ‘ल’सुद्धा दोन तऱ्हांचा : पाकळीचा आणि दंडाचा. मराठीत शेंडीफोड्या ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ वापरायचा असा २००९ साली शासनाचा निर्णयही झाला. कागदावर सगळं ठीक आहे. पण ब्रशनं, उभ्या भिंतीवर, शिडीवर उभं राहून ‘ल’ची पाकळी आधी काढतात की दंड आधी, हे मला कोणी कधी सांगितलेलं नाही. वडिलांना विचारा. शक्य असेल तर एका पत्र्याचा फोटो पाठवा, १५ तारखेच्या आत आला तर पुढच्या अंकात घेऊ. खाली वडिलांचं नाव छापू. त्या नावाचं प्रूफ मी पाहणार नाही, दुसऱ्या कोणाला तरी देईन.